फायलींची नावे बदलताना इतिहास कसा जपावा : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

प्रश्न : आम्ही सांगलीत सात जण मिळून साखर कारखान्यांसाठी ऊस नोंदणी, तोडणी कार्यक्रम, वजनकाटा आणि शेतकऱ्यांची बिले यांची संगणकप्रणाली तयार करतो. तिचा कोड गिटमध्ये, म्हणजे फायलींतील बदलांचा इतिहास जपणाऱ्या साधनात, सामायिक ठेवला असून नऊ वर्षांत त्यातील फायली ६४० झाल्या आहेत. नावे ज्याला जशी सुचली तशी पडत गेली. लागणीच्या नोंदीला एका फाइलमध्ये 'लागण', दुसरीत 'लागवड' आणि तिसरीत 'प्लँटेशन' म्हटले आहे. 'बिल_नवे', 'बिल_नवे_२' आणि 'बिल_अंतिम' यांपैकी वापरात कोणती, हे नव्याने आलेल्या मुलाला विचारल्याशिवाय कळत नाही. (नावे प्रत्यक्षात रोमन लिपीत आहेत.) मागील उन्हाळ्यात आमच्यातील एकाने एका रात्रीत सुमारे २०० फायलींची नावे बदलली, त्याच वेळी त्यांतील कोडची मांडणीही यंत्राकडून एकसारखी करून घेतली आणि सकाळी ते सर्व मुख्य ब्रँचमध्ये (सर्वांच्या कामाच्या सामायिक शाखेत) टाकले. इतरांचे काम त्यात मिळवताना जागोजागी कॉन्फ्लिक्ट (एकाच जागी दोघांचे न जुळणारे बदल) आले, काही फायली जुन्या आणि नव्या अशा दोन्ही नावांनी शिल्लक राहिल्या आणि बिलाच्या मुख्य फाइलचा जुना इतिहास नाहीसा झाल्यासारखा दिसू लागला. शेवटी सगळे मागे घ्यावे लागले. हे काम हंगामापूर्वी पुन्हा करायचे आहे. ते कसे करावे, की गिटला नावबदल पेलतच नाही?
— एक वाचक, विश्रामबाग, सांगली

उत्तर : गिटला नावबदल पेलतो. मात्र गिट नावबदल नोंदवून ठेवत नाही, आणि मागील वेळी जे घडले त्याचे मूळ याच गोष्टीत असल्यामुळे उपायाकडे वळण्यापूर्वी ती नीट पाहणे आवश्यक आहे.

लायनस टोरवाल्ड्स यांनी एप्रिल २००५ मध्ये लिनक्स कर्नलच्या कामासाठी गिट लिहिले, तेव्हा त्याची मांडणी फाइलच्या नावाभोवती न करता तिच्या मजकुराभोवती केली. प्रत्येक फाइलचा मजकूर त्या मजकुरावरूनच काढलेल्या ४० अंकाक्षरांच्या एका खुणेखाली साठवला जातो, आणि कोणत्या नावापुढे कोणती खूण आहे याची यादी वेगळी ठेवली जाते. नाव बदलले की यादीतील नाव तेवढे बदलते. मजकूर आणि त्याची खूण जागची हलत नाही. पण 'या नावाचे हे नाव झाले' असा शेरा कोठेही लिहिला जात नाही. आपल्याकडे जमिनीचा खातेदार बदलला की गाव नमुना ६ मध्ये फेरफार धरला जातो आणि त्याचा क्रमांक सातबारावर येतो, त्यामुळे पन्नास वर्षांनीही मागचा धागा सापडतो. गिटच्या दप्तरात असा फेरफार नाही. त्याच्याजवळ कालची यादी आणि आजची यादी एवढेच असते. कालचे जे नाव आज दिसत नाही आणि आजचे जे नाव काल नव्हते, त्यांच्या मजकुरांची तुलना करून 'ही तीच फाइल असावी' असे अनुमान तो प्रत्येक वेळी नव्याने काढतो.

मजकुरात एका अक्षराचाही फरक नसेल तर खुणा तंतोतंत जुळतात आणि हे अनुमान तत्काळ व अचूक होते, मग फायली २० असोत की ६४०. मजकूर बदलला असेल तर मात्र गिटला नाहीशा झालेल्या फायली नव्याने आलेल्या फायलींशी ताडून पाहाव्या लागतात. आपल्या २०० फायलींच्या बाबतीत हे ४०,००० जोड्यांचे काम आहे. निम्म्याहून कमी साम्य आढळले तर गिट ती जोडी सोडून देतो, जुनी फाइल काढली आणि नवी घातली असे समजतो, आणि तेथे इतिहासाचा धागा तुटतो. जोड्यांच्या संख्येलाही मर्यादा असते. सध्याच्या आवृत्त्यांत ती साधी तुलना करताना प्रत्येक बाजूस सुमारे १,००० फायलींची आणि मर्ज करताना, म्हणजे दोन ब्रँचमधील काम एकत्र मिळवताना, ७,००० फायलींची आहे. त्यामुळे संख्या आपल्या आड आलेली नाही, साम्य कमी पडले. यंत्राने मांडणी एकसारखी करताना जवळजवळ प्रत्येक ओळीच्या आधीची मोकळी जागा बदलली असणार, आणि ओळ तीच असली तरी गिटच्या लेखी ती नवीन ओळ झाली. आपल्यासारख्या प्रणालीत आणखी एक धोका असतो. शेतकऱ्यांचा अहवाल, वाहतूकदारांचा अहवाल आणि तोडणी टोळ्यांचा अहवाल या फायली एकमेकींवरून उतरवून घेतलेल्या असतात आणि त्यांचे आपसांतील साम्य मोठे असते. मजकूर हलवल्यावर गिटने शेतकरी अहवालाची जोडी वाहतूकदार अहवालाशी लावली, तर सहकाऱ्याने एका अहवालात केलेली दुरुस्ती दुसऱ्याच अहवालात जाऊन बसेल. कॉन्फ्लिक्ट निदान दिसतो. ही चूक बिल वाटपापर्यंत दिसणार नाही.

म्हणून पहिली आणि सर्वांत महत्त्वाची अट अशी की नावबदलाच्या कामात नावबदलाखेरीज दुसरे काहीही नसावे. कोडची मांडणी, निरुपयोगी ओळी काढणे, सहज दिसलेली एखादी चूक दुरुस्त करणे, हे सर्व मोह त्या दिवशी टाळावेत.

येथे अनेक अनुभवी लोकांचीही एक गफलत होते, म्हणून थोडे सविस्तर लिहितो. नावबदल एका कमिटमध्ये (एकदम नोंदवलेल्या बदलांच्या गठ्ठ्यात) आणि मांडणीचा बदल त्याच्यामागच्या दुसऱ्या कमिटमध्ये केला की काम सुरक्षित झाले, असे समजले जाते. एका फाइलचा इतिहास पुढे वाचण्यापुरते ते खरे आहे, कारण इतिहास वाचताना गिट एकेक कमिट मागे जातो आणि नावबदलाच्या कमिटपाशी त्याला तंतोतंत जुळणी मिळते. मर्ज करताना मात्र गिट मधली कमिटे पाहत नाही. तो फक्त तीन टप्पे पाहतो : दोन ब्रँच जेथून फुटल्या तो बिंदू, आपले आजचे टोक आणि सहकाऱ्याचे आजचे टोक. मुख्य ब्रँचच्या टोकाशी नावही बदललेले आणि मांडणीही बदललेली असेल, तर ती दोन कमिटे कितीही नीट वेगळी ठेवली असली तरी सहकाऱ्याच्या मर्जला त्यांचा उपयोग नाही. त्यामुळे मांडणीचा बदल केवळ वेगळ्या कमिटमध्ये असून भागत नाही. जुन्या नावांवर सुरू झालेली शेवटची ब्रँच मिळवून होईपर्यंत तो थांबला पाहिजे. त्याचप्रमाणे, आपण ज्या संकेतस्थळावर रेपॉझिटरी (कोड आणि त्याचा इतिहास यांचा साठा) ठेवता तेथे मर्ज करताना 'स्क्वॉश' हा पर्याय निवडला गेला, तर काळजीपूर्वक वेगळी ठेवलेली कमिटे एकात मिसळून जातात. त्या दिवसापुरता तो पर्याय बंद ठेवावा.

आता प्रत्यक्ष काम. वेळ निवडताना कारखान्याचे वेळापत्रक पाहावे. गळीत हंगाम साधारणपणे ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये सुरू होतो, आणि ऊस नियंत्रण आदेश १९६६ प्रमाणे ऊस पोचल्यापासून १४ दिवसांच्या आत शेतकऱ्याला त्याची रक्कम द्यायची असते. त्या काळात बिलाची फाइल सापडत नाही म्हणून एक दिवस गेला तर तो शेतकऱ्याच्या खात्यातून जातो. जून ते ऑगस्ट हा काळ उत्तम. दिवस ठरवून सातही जणांना आठवडाभर आधी लेखी कळवावे आणि ज्यांचे काम अर्धवट आहे त्यांनी ते त्यापूर्वी मिळवून टाकावे. सात माणसांच्या गटात दोन दिवस काम थांबवणे शक्य असते, आणि त्या दोन दिवसांची भरपाई नंतरच्या एका आठवड्यात होते. मागील वेळी आपला सहकारी चुकला तो प्रामुख्याने येथे. त्याने चांगले काम केले, पण ते एकट्याने आणि रात्री केले.

त्यानंतर नावांची यादी करावी : दोन स्तंभ, डावीकडे जुने नाव, उजवीकडे नवे. जमिनींच्या एकत्रीकरणात जुन्या सर्व्हे नंबरांना गट नंबर मिळाले, तेव्हा कोणत्या सर्व्हे नंबराचा कोणता गट झाला याचा उतारा तयार झाला, आणि आजही जुने दस्त वाचताना वकील आधी तोच मागतो. आपली यादी हाच उतारा आहे. ती सातही जणांनी एकत्र बसून वाचावी, तिच्यावर वाद घालावा, आणि अंतिम झाल्यावर ती रेपॉझिटरीतच कायम ठेवावी. दोन जुन्या फायलींना चुकून एकच नवे नाव दिले गेलेले नाही ना, हे यंत्राकडून तपासून घ्यावे. ६४० ओळींत ते डोळ्यांना दिसत नाही.

प्रत्यक्ष बदल हाताने करू नये. ही यादी वाचून नावे बदलणारी छोटी स्क्रिप्ट लिहावी. त्यामुळे चूक आढळल्यास सर्व काम टाकून देऊन पाच मिनिटांत पुन्हा करता येते, आणि ज्याची ब्रँच मागे राहिली आहे त्याला तीच स्क्रिप्ट आपल्या ब्रँचवर चालवता येते. स्क्रिप्टचे दोन टप्पे असावेत. पहिल्या टप्प्यात फक्त नावे बदलावीत आणि कमिट करण्यापूर्वी गिटचा सारांश पाहावा. त्यात प्रत्येक नावबदलापुढे साम्य शेकडा किती हे दिसते, आणि या वेळी ते सर्वत्र १०० असले पाहिजे. दुसऱ्या टप्प्यात ज्या ओळींमध्ये दुसऱ्या फाइलचा नावाने उल्लेख आहे तेवढ्याच ओळी बदलाव्यात आणि संपूर्ण प्रणाली पुन्हा बांधून पाहावी. हे दोन टप्पे दोन कमिटांत ठेवावेत की एका, यावर मतभेद आहेत. मी एका कमिटच्या बाजूचा आहे. दोन कमिटे केली तर त्यांतील पहिल्याला प्रणाली बांधली जात नाही, आणि पुढे हंगामात एखादी चूक कोणत्या कमिटपासून आली हे बायसेक्टने, म्हणजे कमिटांची यादी निम्मी-निम्मी करत, शोधताना नेमके तेच मोडके कमिट आडवे येते. शंभर ओळींच्या फाइलमध्ये तीन ओळी बदलल्याने साम्य फारसे घटत नाही. पाच-सहा ओळींच्या फायली असतील तर त्या मात्र वेगळ्या तपासाव्यात. ज्या भाषांत फाइलचे नाव आणि आतील नाव बांधलेले असते, उदाहरणार्थ जावामध्ये सार्वजनिक क्लासचे नाव आणि फाइलचे नाव एकच असावे लागते, तेथे दोन कमिटांचा पर्याय तसाही फारसा उपयोगाचा नाही.

शोधून न सापडणारी नावे ही या कामातील खरी अडचण आहे. आपल्याकडे अहवालाचे नाव बहुधा चालू असतानाच तयार होत असेल : 'अहवाल' हा शब्द, त्यापुढे हंगामाचे वर्ष, त्यापुढे आडसाली, पूर्वहंगामी, सुरू किंवा खोडवा. असे पूर्ण नाव कोडमध्ये कोठेच लिहिलेले नसते, त्यामुळे शोध घेतल्यावर काही सापडत नाही आणि सर्व ठीक आहे असे वाटते. या जागा माहीत असलेल्या माणसालाच विचाराव्या लागतात. रेपॉझिटरीच्या बाहेरही नावे असतात : काट्यावरच्या संगणकात ठरावीक वेळी चालणारे काम, रात्री प्रत घेणारी स्क्रिप्ट, चिटबॉयला दिलेल्या माहितीपत्रकातील पायऱ्या. त्या संगणकावर विंडोज असेल तर फोल्डरांसह संपूर्ण नाव २६० वर्णांच्या पलीकडे जात नाही ना, हेही पाहावे. नावे अर्थपूर्ण करण्याच्या उत्साहात ती लांबत जातात.

एखाद्याची ब्रँच ठरलेल्या दिवसापूर्वी मिळवता आलीच नाही, तर त्याने थेट मुख्य ब्रँचच्या टोकाशी मर्ज करू नये. आधी नावबदलाच्या लगतच्या मागील कमिटशी मर्ज करून नेहमीचे वाद मिटवावेत, मग केवळ नावबदलाच्या कमिटशी मर्ज करावा, आणि नंतर पुढचे. मधल्या पायरीत गिटसमोर नावबदलाखेरीज काहीच नसते, म्हणून त्याचे अनुमान चुकत नाही. त्याच्या ब्रँचमध्ये नव्याने जन्मलेल्या फायली यादीत नसतील, त्यांची नावे त्याने स्वतः बदलावीत.

आपल्या प्रणालीचा काही भाग दुसरा गट वापरत असेल तर जुन्या नावाची एक छोटी फाइल ठेवून तिने नव्या फाइलकडे पाठवावे, जसे कोशात पर्यायी शब्दापुढे 'पहा' असे लिहिलेले असते. मात्र ती नावबदलासोबत ठेवू नये. जुने नाव जागेवर शिल्लक असले की गिट मर्जच्या वेळी ती फाइल नाहीशी झाली असे समजत नाही, त्यामुळे नावबदलाचे अनुमानच काढत नाही आणि सहकाऱ्याच्या सर्व दुरुस्त्या त्या छोट्या फाइलवर येऊन आदळतात. सर्व जुन्या ब्रँच मिळवून झाल्यावरच ती घालावी.

कोडची मांडणी त्यानंतर सावकाश बदलावी. त्या एका कमिटमुळे प्रत्येक ओळीपुढे मांडणी करणाऱ्याचे नाव दिसू लागते अशी तक्रार असते. त्यासाठी ऑगस्ट २०१९ मधील २.२३ या आवृत्तीपासून गिट ब्लेमला, म्हणजे प्रत्येक ओळ शेवटी कोणी बदलली हे दाखवणाऱ्या आज्ञेला, काही कमिटे वगळण्यास सांगता येते. वगळायच्या कमिटांची यादी एका फाइलमध्ये लिहून ती रेपॉझिटरीत ठेवावी, आणि प्रत्येकाने आपल्या संगणकावर ती एकदा जोडून घ्यावी.

जाता जाता बिलाच्या त्या फाइलविषयी. बदल मागे घेतला असला तरी तिचा इतिहास गेलेला नाही. गिटमध्ये कमिट झालेला मजकूर जुन्या नावाखाली तसाच आहे. तुटला होता तो दोन नावांमधला दुवा. मी कामाला लागलो तेव्हा आम्ही सीव्हीएस हे याच कामाचे गिटपूर्वीचे साधन वापरत असू. त्यात नावबदल नव्हताच. काढलेली फाइल 'ॲटिक' नावाच्या फोल्डरमध्ये, म्हणजे शब्दशः पोटमाळ्यावर जात असे आणि नव्या नावाची फाइल इतिहासाविना सुरू होत असे. व्याजाच्या हिशेबातील पैसे पूर्णांकात धरण्याचा एक नियम कोणी आणि कशासाठी बदलला, हे आम्ही त्या पोटमाळ्यावर अनेक दिवस शोधत होतो, आणि ज्याने बदलला तो नोकरी सोडून गेलेला होता. जुना बदल कशासाठी झाला हे सांगणारे एक वाक्य किती मोलाचे असते, हे मला तेव्हा कळले, आणि म्हणूनच मी या विषयावर इतके लिहितो आहे.

प्रश्न : आमच्या गटात बहुतेकांचे संगणक विंडोजचे, एकाचा मॅक आणि सर्व्हर लिनक्सचा आहे. फायलींच्या नावातील पहिले कॅपिटल अक्षर स्मॉल करायचे ठरवले, पण माझ्या संगणकावर नाव बदलूनही गिटला बदल दिसत नाही आणि सर्व्हरवर मात्र 'फाइल सापडत नाही' असे येते. दुसरे असे की काही अहवालांना आम्ही गावांची देवनागरी नावे दिली आहेत. त्यांपैकी 'कऱ्हाड' ही फाइल यादीत दोनदा दिसते आणि गिटच्या सारांशात या नावांऐवजी आकडेच येतात.
— एक वाचिका, कराड, जि. सातारा

उत्तर : विंडोज आणि मॅक यांची नेहमीची फाइल-व्यवस्था नाव लिहिताना कॅपिटल-स्मॉलचा भेद जपते, पण शोधताना तो मानत नाही, लिनक्स मानते. म्हणून आपल्या संगणकावर जे एकच नाव आहे ते सर्व्हरवर दोन वेगळी नावे ठरतात. सर्वांत निर्धोक मार्ग दोन पावलांचा आहे : आधी फाइलला अगदी वेगळे तात्पुरते नाव द्यावे, मग हवे ते स्मॉल अक्षरांचे नाव, आणि दोन्ही पावले गिटच्याच आज्ञेने टाकावीत. कमिट एकच पुरते. कोडमधील उल्लेखही त्याच वेळी बदलावेत, कारण विंडोजवर चुकीचे कॅपिटल अक्षर खपून जाते आणि चूक सर्व्हरवर पोचेपर्यंत लपून राहते. शक्य असल्यास प्रणालीची बांधणी रोज एकदा लिनक्सवर करून पाहण्याची सोय असावी. नावबदलाच्या आठवड्यात तर ती हवीच.

'कऱ्हाड'ची गोष्ट अधिक नाजूक आहे आणि आपण ती विचारली याचा मला आनंद वाटला, कारण हा प्रश्न मराठी लिहिणाऱ्यालाच पडू शकतो. या शब्दातील 'ऱ' युनिकोडमध्ये एका स्वतंत्र संकेताने लिहिता येतो, तसेच 'र' आणि त्याखालील नुक्ता असे दोन संकेत जोडूनही लिहिता येतो. युनिकोडच्या नियमाने ही दोन लेखने समान मानली जातात, पण गिट बाइट तपासतो आणि बाइट वेगळे आहेत. तिसरी रीत म्हणजे 'र', हलन्त आणि शून्य रुंदीचा जोडक. ती दिसायला तशीच असली तरी युनिकोडच्याही लेखी वेगळी आहे. आपल्या गटातील दोघांचे कळफलक वेगळे असतील तर एकाच गावाच्या दोन फायली तयार होणे अगदी शक्य आहे. मॅकच्या जुन्या एचएफएस प्लस व्यवस्थेत तर नावे मुळातच सुट्या संकेतांत साठवली जात, त्यामुळे त्या यंत्रावरून आलेले नाव वेगळे दिसे. यासाठी गिटमध्ये नावे जोडरूपात घेण्याची सोय आहे, मॅकवर ती चालू आहे याची खात्री करावी. आधीपासून असलेल्या दोन फायलींपैकी कोणता मजकूर खरा हे माणसानेच ठरवावे, आणि उरलेल्या फाइलचे नाव एका ठरलेल्या लेखनात पुन्हा लिहावे.

आकड्यांचे कारण साधे आहे. देवनागरीचे प्रत्येक अक्षरचिन्ह यूटीएफ-८ मध्ये तीन बाइट घेते आणि गिट अशी नावे मूळ स्थितीत सावधगिरीने अष्टमान अंकांत दाखवतो. 'क' च्या जागी ३४०, २४४, २२५ असे तीन आकडे येतात. गिटच्या 'कोअर' विभागातील 'कोटपाथ' हे सेटिंग बंद केले की नावे देवनागरीत दिसू लागतात. फाइलवर त्याचा परिणाम होत नाही.

तरीही माझे मत विचाराल तर कोडच्या फायलींना रोमन स्मॉल अक्षरांतच नावे द्यावीत आणि गावांची देवनागरी नावे डेटाबेसमध्ये ठेवावीत. त्यात मराठीला कमी लेखणे नाही. कराड, कऱ्हाड आणि तिन्ही प्रकारचे 'ऱ' यांचा निवाडा डेटाबेसमध्ये एका जागी करता येतो, फायलींच्या नावांत तो प्रत्येक संगणकावर वेगळा होतो.

प्रश्न : 'गिट एमव्ही' ही आज्ञा न वापरता फोल्डरमध्येच नाव बदलले तर इतिहास जातो, असे आमच्या वर्गात सांगितले गेले. हे खरे आहे का? आणि नाव बदललेल्या फाइलचा लॉग (तिच्या कमिटांची यादी) मध्येच का थांबतो?
— एक विद्यार्थी, सातारा

उत्तर : हे खरे नाही. वर सांगितल्याप्रमाणे गिट नावबदल नोंदवतच नाही, त्यामुळे तो कोणत्या आज्ञेने झाला हे त्याला नंतर कळण्याचा प्रश्न येत नाही. ती आज्ञा नाव बदलते आणि काढलेले व आलेले अशी दोन्ही नावे पुढच्या कमिटसाठी एकदम मांडून ठेवते, एवढाच तिचा उपयोग. हाताने बदल करणारे अनेकदा नवी फाइल घालतात आणि जुनी काढल्याचे कळवायला विसरतात, मग दोन्ही फायली शिल्लक राहतात. पहिल्या पत्रात हाच प्रकार झालेला असण्याची शक्यता आहे. म्हणून आज्ञा वापरण्याची सवय चांगली, कारण मात्र वेगळे.

लॉग थांबतो, कारण आपण एका नावाचा इतिहास मागितलेला असतो आणि त्या नावाचा इतिहास तेथेच सुरू होतो. 'फॉलो' हा पर्याय जोडला की लॉग जुन्या नावावर जाऊन पुढे चालू राहतो. तो एका वेळी एकाच फाइलसाठी चालतो, संपूर्ण फोल्डरसाठी नाही. गिट ब्लेम मात्र संपूर्ण फाइलचे नाव बदलले असल्यास न सांगता मागे जातो. एक प्रयोग करून पाहावा : सरावाच्या रेपॉझिटरीत दहा ओळींची फाइल घ्यावी, नाव बदलताना आधी एक ओळ, मग चार, मग आठ ओळी बदलून प्रत्येक वेळी सारांश पाहावा. साम्याचा आकडा उतरताना आणि शेवटी जोडी तुटताना डोळ्यांनी दिसेल.

प्रश्न : आमचे वरिष्ठ म्हणतात की चालत्या प्रणालीतील नावांना हात लावू नये, नावे कशीही असली तरी संगणकाला फरक पडत नाही. आम्हा तरुणांना सर्वच नावे बदलावीशी वाटतात. कोणाचे बरोबर?
— एक वाचक, मिरज

उत्तर : संगणकाला फरक पडत नाही हे बरोबर आहे, पण फाइल माणूस उघडतो. चुकीच्या नावामुळे चुकीची फाइल उघडून केलेली दुरुस्ती हा रोजचा तोटा आहे आणि तो कोणत्याही हिशेबात दिसत नाही. तरीही आपल्या वरिष्ठांची भीती मी हसण्यावारी नेणार नाही. ज्या फायलींना गेल्या तीन वर्षांत कोणी हात लावलेला नाही त्यांची नावे बदलून काही मिळत नाही, उलट जुन्या पत्रांत आणि नोंदवहीत लिहिलेले उल्लेख निरर्थक होतात. कोणत्या फायली वारंवार बदलतात हे गिटच्या लॉगमधून सहज मोजता येते. त्यांतील ज्या नावांमुळे खरोखर फसगत होते तेवढीच निवडावीत, आणि एक फोल्डर एका वेळी घ्यावा. वरिष्ठांना विरोधक न समजता यादी तपासायला त्यांनाच बसवावे. कोणते नाव कोठे लपून वापरले आहे हे त्यांच्याइतके कोणाला ठाऊक नसते.

नवी नावे निवडताना मात्र तरुणांनी इंग्रजी पाठ्यपुस्तकाकडे पाहू नये. ज्यांच्यासाठी प्रणाली आहे त्यांचा शब्द घ्यावा. हळदीच्या सौद्याची प्रणाली असेल तर अडत, तोलाई, हमाली, पट्टी हे शब्द व्यापारी, हमाल आणि शेतकरी तिघेही एकाच अर्थाने वापरतात. 'तोलाई' नावाची फाइल मार्केट यार्डातून आलेली तक्रार ऐकताच उघडता येते. याउलट 'चार्जेस_२' उघडण्यापूर्वी ती हमालीची की तोलाईची हे कोणालातरी विचारावे लागते. आपल्या यादीचा उजवा स्तंभ भरण्यापूर्वी एक सकाळ यार्डात जाऊन सौद्याच्या वेळी उभे राहावे आणि कानावर पडणारे शब्द लिहून घ्यावेत. त्यांतील एकाच गोष्टीला दोन शब्द आढळले तर तेथेच विचारून एक ठरवावा आणि दुसरा यादीच्या तिसऱ्या स्तंभात लिहून ठेवावा, म्हणजे उद्या कोणी त्या शब्दाने शोधले तरी त्याला फाइल सापडेल.